नागपुरात वापरलेली प्लग-इन हायब्रिड कार घेताना

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, म्हणून गाडीच्या आधी या शब्दाचीच तपासणी करावी. इनोव्हा हायक्रॉस किंवा होंडा सिटी ई:एचईव्ही यांसारख्या हायब्रिड गाड्या चालता चालता स्वतःच बॅटरी भरून घेतात. त्यांना चार्जिंगची वायर लावण्याची सोयच नसते. प्लग-इन हायब्रिड मात्र बाहेरून वायर लावून चार्ज होते आणि काही अंतर फक्त विजेवर चालते, म्हणून तिला पेट्रोलच्या झाकणाखेरीज चार्जिंगचे वेगळे झाकण असते. भारतात अशा गाड्या मोजक्याच, आणि त्याही महागड्या वर्गातल्या आहेत. २०१६ मध्ये आलेली व्होल्वो एक्ससी९० टी८ आणि २०२२ च्या अखेरीस आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम ही त्यांतील दोन नावे.

आपल्या पार्किंगच्या जागी चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअरचा सॉकेट बसवता येत नसेल, तर माझ्या मते ही गाडी घेऊच नये, कारण मग जड बॅटरीचे ओझे पेट्रोलवर वाहून नेण्यापलीकडे हाती काही लागत नाही. महामार्गावरील फास्ट चार्जरच्या भरवशावरही राहू नये, कारण ते डीसी वीज देतात, तर बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्या घरच्या सॉकेटसारखी फक्त एसी (अल्टरनेटिंग करंट) वीज घेतात.

खरी परीक्षा बॅटरीची. तिची क्षमता लहान असल्याने ती रोज जवळजवळ पूर्ण रिकामी होते आणि पुन्हा भरते, त्यामुळे तितकेच किलोमीटर चाललेल्या मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक कारपेक्षा तिच्या भरण्या-रिकामे होण्याच्या फेऱ्या अधिक झालेल्या असतात आणि तशी तिची झीजही. त्यात नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४५ अंशांवर जाणारे आपले ऊन आणि उघड्यावरचे पार्किंग यांची भर पडते. विक्रेत्याला गाडी रात्रभर चार्ज करून ठेवायला सांगावे आणि दुपारी दोनच्या सुमारास, एसी पूर्ण चालू ठेवून, फक्त विजेवर झिरो माइलहून वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघावे. पडद्यावर दिसणारी रेंज मागील वापरावरून काढलेला अंदाज असतो, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. बॅटरी संपून इंजिन सुरू होईपर्यंत गाडी प्रत्यक्षात किती किलोमीटर गेली ते लिहून ठेवावे. ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर इंजिन मध्येच जागे होते आणि चाचणी वाया जाते, म्हणून पाय हलका ठेवावा. एसी नीट गार करीत नसेल तर ती किरकोळ तक्रार समजू नये, कारण अनेक मॉडेलांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही त्याच यंत्रणेकडे असते.

इंजिनाचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. ते कमी चालले म्हणून ऑइल बदलायचे राहून गेलेले असू शकते, तेव्हा सर्व्हिसच्या नोंदी किलोमीटरपेक्षा तारखांनुसार वाचाव्यात. ब्रेकच्या डिस्कवर गंज आहे का तेही पाहावे, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि ब्रेक कमी वापरले जातात.

नागपूरच्या खरेदीदाराने एक गोष्ट कधीच सोडू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. गाडी तेव्हा शहरात असेल, तर त्या सुमाराचा विमा क्लेम विचारावा, सीटखालचे गालिचे उचलून गाळाच्या रेषा शोधाव्यात आणि गाडी लिफ्टवर चढवून केशरी रंगाच्या हाय-व्होल्टेज केबलींचे जोड पाहून घ्यावेत; मात्र त्यांना हात प्रशिक्षित तंत्रज्ञानेच लावावा.

कागदपत्रांत मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३०, कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि परराज्यातील गाडी असल्यास तेथील एनओसी पाहावी. बॅटरीची वॉरंटी गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून ती किती उरली आहे हे अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून चेसिस नंबरवर लेखी घ्यावे. त्याच वेळी नव्या बॅटरीचे कोटेशनही मागावे आणि किमतीची बोलणी तो कागद हातात आल्यावरच सुरू करावीत.