फोर-बाय-फोर पिकअपचा पुढचा शाफ्ट बदलताना आतलं टोक सांभाळा

इंदूरहून सांवेर-देपालपूरच्या शेतवाटांवर पावसाळाभर फिरणाऱ्या पिकअपचा पुढचा शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) चाकापर्यंत जाणारी दांडी, बहुतेकदा रबर बूटपायी जातो. बूट म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटवरचं घडीदार आवरण. माळव्याची काळी माती बूटच्या घड्यांत बसते, वाळून खड्यासारखी होते आणि चाक फिरताना रबर कापते. ग्रीस बाहेर पडतं, माती आत जाते. पूर्ण वळणावर चाकाजवळ टक-टक आवाज आला तर बाहेरचा जॉइंट संपला. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना थरथर जाणवली तर आतल्या जॉइंटकडे बघा. नुसता बूट फाटलाय, आवाज नाही आणि ग्रीस बोटांत चोळल्यावर कचकचत नाही, तर अख्खा शाफ्ट बदलू नका. जॉइंट धुऊन नवा बूट घाला आणि मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस भरा. चेसिसचं पिवळं ग्रीस तिथे टिकत नाही.

पुढचं सगळं स्वतंत्र सस्पेन्शनच्या (पुढचं प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं अशा) पिकअपसाठी आहे, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स वगैरे. शाफ्टबरोबर डिफरन्शियलचं ऑईल सील (तेल अडवणारी रबरी कडी), आतल्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची उघडी कडी) आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुहेरी पिन) नवीच घ्या. सील वाचवून काम करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सील स्वस्त असतं. ते गळलं तर हेच काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. हवेत लटकलेलं चाक फिरत राहतं आणि नट हलत नाही. मग गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर), चाक बाहेर, एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर मोकळी. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका.

वरचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा आर्म आणि हब धरणारी नकल यांना जोडणारा गोल सांधा) उघडण्याआधी खालच्या आर्मखाली जॅक लावाच. स्प्रिंगचा सगळा जोर त्या आर्मवर असतो आणि जॉइंट सुटल्यावर तो झटक्याने खाली येतो. जॉइंट पुलरने काढा. दोन टोकांचा काटा घालून ठोकलं की बॉल जॉइंटचा बूट फाटतो. आता नकल बाहेर कलवली की शाफ्ट हबमधून मागे सरकवता येतो. अडकला तर नट टोकाला बरोबरीत चढवा आणि पितळी पंचने ठोका. नुसत्या आट्यांवर हातोडा मारलात तर टोक पसरतं आणि नट परत चढत नाही.

आता खरं अवघड काम. काही गाड्यांत आतलं टोक फ्लँजला (बोल्टसाठी भोकं असलेल्या चकतीला) बोल्टने धरलेलं असतं; तिथे बोल्ट काढले की झालं. पण ज्यांत ते सर्क्लिपने डिफरन्शियलमध्ये अडकलेलं असतं, तिथे लोक शाफ्टची दांडी धरून ओढतात. असं कधीही करू नका. दांडी ओढल्याने सर्क्लिप सुटत नाही. आतला जॉइंट मात्र आपल्या वाटीतून निसटतो, रोलर बाहेर येतात आणि बूट फाटतो. खाली तेलाचं भांडं ठेवा. जॉइंटची वाटी आणि डिफरन्शियलचं कास्टिंग यांच्यामध्ये समोरासमोर दोन टॉमी (उचकटायच्या लोखंडी सळ्या) घाला आणि दोन्हीवर एकदम झटका द्या. टॉमीचं टोक जाड कास्टिंगवर टेकवा, पत्र्याच्या धूळरोधक कड्यावर किंवा सीलच्या काठावर नको. एकाच बाजूने उचकटलं तर टोक तिरकं होऊन जास्तच घट्ट बसतं.

जुनं सील काढण्याआधी ते किती खोल बसलंय ते मोजून ठेवा. काढताना स्क्रूड्रायव्हरने आतल्या भिंतीवर चरा पडू देऊ नका, त्या चऱ्यातून तेल झिरपत राहतं. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला (सीलच्या आतल्या रबरी कडेला) ग्रीस लावा. बाहेरच्या कडेवर नीट बसेल असा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट ठेवून हळूहळू, चारी बाजूंनी सारखं ठोकत मोजलेल्या खोलीपर्यंत न्या. तिरकं बसलेलं सील सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका, दुसरं घ्या.

नवा शाफ्ट जुन्याशेजारी ठेवून दोन्ही टोकांचे दाते मोजा. लांबी आणि एबीएसची रिंगही तपासा. डावा-उजवा शाफ्ट वेगळा असू शकतो. सर्क्लिपचं उघडं तोंड खाली ठेवून शाफ्ट दोन्ही हातांनी आडवा, सरळ रेषेत धरा. शाफ्टचं वजन सीलवर पडलं की दाते त्याचा ओठ कापतात, म्हणून इथे दुसरा माणूस हाताशी हवाच. दाते जुळेपर्यंत हलकेच फिरवा, दांडी वाटीच्या तळाला टेकेपर्यंत आत दाबा आणि बाहेरच्या टोकाला रबरी हातोड्याने ठोका. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. पण आवाजावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका. वाटी हाताने धरून बाहेर ओढा. किंचित हलेल, पण सुटणार नाही. सुटली तर सर्क्लिप अर्धवट बसली आहे आणि वाटी रस्त्यात तेलासकट बाहेर येईल.

बाकीचं उलट्या क्रमाने जोडा. बॉल जॉइंटच्या नटाची खाच स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सैल करू नका. हबच्या नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, टॉर्क पान्यानेच द्या आणि चाक जमिनीवर टेकल्यावर शेवटचा आवळा.

डिफरन्शियलमध्ये मॅन्युअलने सांगितलेलं तेल, बहुतेकदा जीएल-५ दर्जाचं, सपाट जागी भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा. फोर-व्हील लावून चाचणी ओल्या मातीत घ्या. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम (गरजेपुरत्या लावायच्या) फोर-व्हीलमध्ये वळवलं तर गिअर ताणले जातात. रात्री सीलखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी त्यावर डाग आहे का बघा. 50 ते 100 किलोमीटर चालवून चाकाचे नट पुन्हा आवळा.