कोकणातलं जुनं कौलारू घर: राहायला जाण्याआधी काय दुरुस्त करायचं, कोणत्या क्रमाने

रत्नागिरी-सिंधुदुर्गात विकायला निघणारी बरीच जुनी घरं एकाच घडणीची असतात: जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, चिऱ्यांच्या किंवा मातीच्या भिंती, लाकडी आढं (छपराच्या शिखरावरची आडवी तुळई) आणि वासे (त्यावरून उतरणारी तिरकी लाकडं), वर मंगलोरी कौलं. या घरांना खरा धोका पाण्याचा. ते वरून गळतं, जमिनीतून चढतं आणि भिंतींवर उडतं. म्हणून कामाचा क्रम पाण्याच्या हिशेबाने लावायचा. आधी छप्पर, मग घराभोवतीचं पाणी, मग भिंती, मग वायरिंग आणि संडास, त्यानंतर जमीन आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक खर्च वाया जातो तो हा क्रम उलटा झाल्याने. टाइल्स आणि रंग आधी होतात, पहिला पावसाळा गेला की भिंतींना पोपडे येतात, आणि नव्या फरशीवर परातींची रांग लागते.

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि १५ मेपर्यंत छप्पर झाकून मोकळे व्हा. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, तेव्हा घर उघडं टाकू नये. एप्रिल-मेमध्ये गावातली सगळीच घरं कौलं परतायला काढतात, त्यामुळे चांगला कारागीर मिळत नाही. शिवाय त्याच दिवसांत विहिरी तळाला जातात. गिलावा, कोबा (सिमेंटची घोटलेली जमीन) अशा पाणी मारावं लागणाऱ्या कामांना तोपर्यंत थांबलात तर टँकर मागवावा लागेल. ही ओली कामं फेब्रुवारीअखेर संपवा.

कागदांचं थोडक्यात: ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि विजेचा मीटर नावावर करून घ्या. भिंत हलवायची किंवा खोली वाढवायची असेल तर परवानगी आधी घ्या.

घर दोन-चार वर्षं बंद असेल तर पहिल्या दिवशी फक्त दारंखिडक्या उघडा. पायात बूट आणि हातात टॉर्च हवाच. रचलेली लाकडं, जुनी पिंपं, माळ्यावरचा पसारा यांत हात घालू नका, काठीने सारा. साप दिसला तर मारू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

छप्पर

पाहणी भर दुपारी, सगळे दिवे बंद करून करा. आत जिथे उजेडाचे ठिपके दिसतात तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. वाशांवर आणि भिंतीच्या माथ्यावर काळे ओघळ दिसले तर तिथे पाणी जुनं आहे, आणि तिथलंच लाकूड आधी तपासायचं.

लाकूड तपासायला स्क्रूड्रायव्हर पुरतो. वासा भिंतीवर टेकतो ती जागा, आढ्याची भिंतीत गेलेली टोकं आणि दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीखालचे वासे, या तीन ठिकाणी जोर देऊन खुपसा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो भाग गेला. मधला भाग टणक असेल तर अख्खा वासा बदलायची गरज नसते. सडकं टोक कापून, बाजूला त्याच जाडीचा तुकडा निदान दोन-अडीच फूट लांबीवर नटबोल्टने जोडता येतो. जुना साग, फणस किंवा आईन आज विकत घेऊन बघा, म्हणजे तो का वाचवायचा ते कळेल. बाजारातलं कच्चं लाकूड त्याच्या जागी बसवलं तर दोन पावसाळ्यांत त्याला भुंगा लागतो.

भुंग्याची खूण म्हणजे बारीक गोल भोकं आणि खाली पडलेली पिठासारखी पूड. पूड पिवळट-ताजी असेल तर किडा आत जिवंत आहे. घराच्या आतल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर यांचं द्रावण उत्तम: १० लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर. आधी जुना ऑइलपेंट खरवडून काढा, नाहीतर द्रावण मुरणारच नाही. एका दिवसाच्या अंतराने दोन-तीन हात द्या. बाहेरच्या लाकडातून हे पावसात धुऊन जातं. वळचणीच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात ते यासाठीच. त्याने लाकूड काळं पडतं आणि कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे घालूनच लावा.

आता कौलं. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि २३-२४ सेंटिमीटर रुंद असतं. १०० चौरस फूट छपराला १४० ते १५० लागतात. नवी कौलं आणण्याआधी जुन्या कौलामागचा कारखान्याचा छाप पाहा. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, आणि दोन साच्यांची कौलं एकमेकांच्या खाचेत नीट बसत नाहीत. फट डोळ्याला दिसत नाही, पण वाऱ्याच्या झोताबरोबर पाणी आत येतं. त्यामुळे छपराची एक अख्खी बाजू एका छापाची आणि दुसरी बाजू दुसऱ्या छापाची ठेवा, मिसळू नका. गावात कोणी कौलं उतरवून स्लॅब घालत असेल तर तिथे जुन्या छापाची कौलं मिळतात. ती अनेकदा नव्यापेक्षा चांगली भाजलेली असतात. बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर आत तडा आहे.

कौलं उतरवली की प्रत्येक ब्रशने घासून शेवाळ काढा, विशेषतः खाचांमधलं. खाच भरली की पाणी तिथेच अडतं आणि मागे उलटतं. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) वाकल्या असतील तर सगळ्याच बदला, एकआड एक नको. दोन रिपांमधलं अंतर १२ ते १३ इंच येतं, पण पुस्तकी मापावर जाऊ नका. तुमचीच दहा कौलं जमिनीवर खाचेत खाच घालून मांडा, लांबी मोजा आणि त्यावरून अंतर काढा. खालच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तांब्याच्या किंवा जस्ताच्या मुलाम्याच्या तारेने रिपेला बांधा, कारण वारा तिथूनच कौल उचलतो. आढ्यावरचे कोने (शिखर झाकणारी कौलं) बसवताना खाली मसाला भरून टाकू नका. फक्त दोन्ही कडांना चुना-सिमेंटचा पातळ पट्टा द्या. जाड सिमेंट तडकतं आणि त्या तड्यातून पाणी थेट आढ्यावर जातं.

सर्वाधिक गळती दोन छपरं मिळतात तिथल्या पन्हळीतून होते. जुना पत्रा गंजलेला असणारच. पन्हळ निदान १८ इंच रुंद हवी आणि दोन्ही बाजूंची कौलं तिच्यावर ४ इंच तरी आली पाहिजेत. पाचोळा अडकू नये म्हणून मधली वाट हाताचा पंजा जाईल इतकी मोकळी ठेवा. घरावर झुकलेल्या फांद्या याच वेळी उतरवा, आणि छपरावर कललेला माड असेल तर त्याचाही निर्णय आत्ताच घ्या. एक शहाळं पडलं तरी दोन-तीन कौलं जातात. माकडांचा त्रास असलेल्या गावात कौलं वाचवायचा पक्का इलाज नाही. त्याच छापाची शंभरेक कौलं पडवीत रचून ठेवा.

लाकूड फारच गेलं असेल तर लोखंडी पाइपची चौकट करून त्यावर जुनीच कौलं चढवता येतात. नुसता पत्रा मात्र आमच्या मते टाळावा. एप्रिलमध्ये त्याखाली बसवत नाही आणि जुलैत त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही.

घराभोवतीचं पाणी

वर्षानुवर्षं पाचोळा आणि माती साचून अंगण वर येतं आणि जोतं बुडतं. काही घरांत बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. अशा घरात भिंत कधीच कोरडी होणार नाही, मग गिलाव्यात काहीही मिसळा. जोत्याभोवतीची माती खणून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा निदान एक फूट खाली आणा. पागोळ्या पडतात त्या ओळीत दीड-दोन फूट रुंदीची चिऱ्यांची फरसबंदी करा आणि तिला घरापासून दूर उतार द्या, दर चार फुटांना दोन-अडीच इंच. मागच्या बाजूला डोंगरउतार असेल तर वरून येणारं पाणी घरापर्यंत पोचण्याआधीच वळवणारी चर खणा. हे सगळं काम कुदळ-घमेल्याचं आहे, खर्च मजुरीचाच. घराचं आयुष्य सर्वात जास्त याने वाढतं, आणि तरी यादीत ते शेवटी टाकलं जातं.

कोपऱ्याजवळ पायऱ्यांसारखी तिरकी भेग गेली असेल तर तिथला पाया बसला आहे. बुजवण्याआधी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पावसाळाभर काच शाबूत राहिली तर भेग जुनी. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. तेव्हा आधी पाया पाहायचा, भेग नंतर बुजवायची.

वाळवीसाठी आतून भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर दर एक फुटाला भोक पाडून औषध सोडतात. हे परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या आणि विहिरीकडच्या बाजूला अजिबात सोडू देऊ नका.

भिंती

मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद झालं की ओल आत साचते, क्षार बाहेर ढकलले जातात, लोणा लागतो आणि गिलावा पापडासारखा सुटतो. मातीच्या भिंतीची डागडुजी मातीनेच करायची. त्याच जागेतली चाळलेली माती भाताच्या चिरलेल्या पेंढ्यासह आठवडाभर भिजवून, मळून ठेवा, भिंत ओली करून पातळ थर द्या, तो सुकून तडे पडले की दुसरा थर. चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा बरा: एक भाग निवलेला चुना, तीन भाग वाळू. चुन्याचा कारागीर नाहीच मिळाला तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू, त्यापेक्षा कडक नको. वाळू खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नका. तिच्यातलं मीठ लोणा आणतं आणि लोखंड खातं.

वायरिंग, विहीर, संडास

लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग सगळी काढून टाका, तुकड्या-तुकड्याने जोड देऊ नका. उंदरांमुळे वायर पाइपमधूनच न्या. दिव्यांना १.५, प्लगना २.५ आणि गिझर किंवा पंपाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. ओल्या भिंतींच्या घरात जीव वाचतो तो याने. अर्थिंगची गोम अशी की जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो आणि जुलैत चांगलं दिसणारं अर्थिंग मेमध्ये निकामी ठरतं. त्याची नळी न्हाणीच्या पाण्याजवळच्या, कायम ओलसर जागी अडीच मीटर खोल घाला आणि मोजणी एप्रिल-मेमध्ये करून घ्या. विजांचा जोर पाहता सर्ज प्रोटेक्टरचा खर्च वाया जात नाही.

विहीर पाणी तळाला असताना उपसून गाळ काढा. पाणी भरलं की हिशेब करा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे २१,००० लिटर. दर १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे १०५ ग्रॅम. बादलीत कालवून, चोथा खाली बसू द्या आणि वरची निवळी संध्याकाळी विहिरीत सोडा, पाणी सकाळी वापरा. पिण्याआधी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

नवा संडास दोन शोषखड्ड्यांचा करा. पाच माणसांना प्रत्येकी एक मीटर व्यासाचे आणि एक ते सव्वा मीटर खोल खड्डे पुरतात, दोन्हींत एक मीटर अंतर. एक भरला की दुसरा चालू करायचा. पहिल्यातलं दोन वर्षांत खत होतं. विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूलाच जागा धरा. जांभ्याला भेगा असतात, त्यातून मैलापाणी वाटेल तितकं दूर जातं. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

जमीन आणि रंग

गुळगुळीत टाइल्सना जून-जुलैत घाम येतो, कारण दमट हवा गार फरशीवर पाणी सोडते. जांभ्याच्या लाद्या किंवा लाल रंगाचा कोबा इथे चांगला चालतो. कोब्यासाठी जुनी माती सहा इंच खणा, दगडांची भर घालून चोपा, तीन इंच काँक्रीट करा आणि वर कोबा चार फुटी चौकटींत ओता. मोठे तुकडे हमखास तडकतात. आठ-दहा दिवस पाणी साचवून ठेवा. जुनी चोपलेली मातीची जमीन मजबूत असेल तर माजघरात तरी ती राहू द्या.

रंग गिलावा पूर्ण सुकल्यावर द्या, निदान महिन्याने. बाहेरून प्लास्टिक इमल्शन नको, चुनाच. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, रात्रभर निवू द्या, फडक्याने गाळा, थोडा डिंक घाला, तीन पातळ हात द्या. चुना निवताना उसळतो, डोळ्यांना चष्मा लावा.

सामान आणण्याआधी पहिला जोराचा पाऊस रिकाम्या घरात पाहा. जिथे थेंब दिसेल त्या वाशावर खडूने खूण करा, वळचणीपासून कितवं कौल आणि कडेपासून कितवी ओळ ते लिहून ठेवा. पाणी रिपेवरून वाहत येतं, त्यामुळे फुटलेलं कौल बहुधा थेंबाच्या जरा वरच्या बाजूला सापडतं. उघडीप मिळाली की आतून ते कौल वर उचलून बदला. ओल्या कौलांवर पाय ठेवू नका.