पहिलं टेंडर भरताना

परभणीत माझं शाळेच्या बाकांचं वर्कशॉप आहे. पहिल्या टेंडरची बयाणा रक्कम भरायला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, असती तर केंद्राच्या खरेदीत ही रक्कम माफ होती, हे मागाहून कळलं. तेव्हा आधी उद्यम नोंदणी करा. फुकट आहे, एजंटाला रुपया देऊ नका. उत्पादन दाखवा, नुसत्या व्यापाऱ्याला ही सवलत नाही. प्रवर्गही नीट भरा: केंद्राच्या धोरणात २५ टक्के खरेदी लघुउद्योगांकडून करायची, त्यात ४ टक्के आपल्या अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून.

खरी भिंत अनुभव आणि उलाढालीची. काम मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा? या अटीपायी माझी दोन टेंडरं बाद झाली. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर प्रत्येक निविदेत लघुउद्योगांना या अटीतून सूट आहे की नाही, ‘होय’ किंवा ‘नाही’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ सगळ्यात आधी वाचा. ‘नाही’ असेल तर रात्र जागवू नका, पुढची निविदा बघा.

डिजिटल सही आधीच काढून ठेवा. शेवटच्या संध्याकाळी कागद चढवायला बसू नका, आमच्याकडं नेमकी तेव्हाच लाईट जाते.

माल पोचला की पोच सही-शिक्क्यासह घ्याच. ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना तोच कागद लागतो.