चोर मेन गेटनं येत नाही: माहिती जुळवताना या चुका टाळा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतून गेल्या पावसाळ्यात चार सायकली गेल्या. दुसरी गेली तेव्हाच कमिटीनं निकाल देऊन टाकला होता: नवा वॉचमन. मी रजिस्टर काढलं. चारपैकी दोन रात्री तो गावी होता, सही दुसऱ्याची होती. तरी "मग त्यानंच कुणाला तरी सांगितलं असेल" सुरूच.

आधी नाव, मग पुरावा

पुरावा उलटा निघाला की मत न बदलता गोष्ट वाढवत नेली जाते. १९७३ मध्ये इस्रायलच्या लष्करी गुप्तचरांचं हेच झालं. लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं मिळाल्याशिवाय इजिप्त युद्ध करणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. सुएझच्या पलीकडे सैन्य जमताना दिसत होतं, पण तो सराव ठरला. ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. यावर उपाय कागदाचा: किमान तीन शक्यता लिहा आणि प्रत्येकीला काय *खोडतं* ते शोधा. बाजूनं बोलणारा पुरावा काय, कशालाही सापडतो.

गेटवर कॅमेरा लावून निवांत होणं

आम्ही गेटवर दोन कॅमेरे लावले. पाचवी सायकल गेली आणि फुटेजमध्ये फक्त मांजर. नाल्याकडची भिंत पावसात कंबरेइतकी खचली होती, हे तेव्हा कळलं.

जर्मनीच्या सीमेवरच्या फ्रान्सच्या मॅजिनो तटबंदीला लोक उगाच हसतात. १९४० मध्ये जर्मनांनी मुख्य हल्ला तिच्यावर केलाच नाही, म्हणजे तिनं तिचं काम केलं. घोळ झाला तो तटबंदीच्या टोकापलीकडच्या आर्देनच्या जंगलात. रणगाडे तिथून येणार नाहीत असं गृहीत धरून तिथं फौज विरळ ठेवली होती. कॅमेराही चोराला दुसरीकडे ढकलतो. कुठे ढकलेल, ते तो लावायच्या आधी सोसायटीला फेरी मारून बघा. रात्री, टॉर्च घेऊन.

नकाशावरच्या लाल टाचण्यांवर भरवसा

दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवरची भोकं बघून तिथंच चिलखत वाढवायचा विचार होता. अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं उलट बाजू मांडली: जिथं भोकं दिसत नाहीत, तिथं गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत.

लोकलमधल्या फटका गँगचं घ्या. रुळांलगत उभं राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारायची आणि पडलेला मोबाइल उचलून पसार व्हायचं. तक्रार मात्र माणूस उतरतो त्या स्टेशनात होते, आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून कित्येक जण ती करतच नाहीत. म्हणजे नकाशावर गुन्ह्याची टाचणी स्टेशनवर, चोर दोन स्टेशनांच्या मध्ये. म्हणून तक्रार देताना गाडी कुठे रेंगाळली, स्लो होती की फास्ट, तुम्ही कुठल्या बाजूच्या दारात होता, हे आवर्जून लिहून द्या.

टीप आणि टीप देणारा एकच समजणं

लष्करी आणि पोलिसी पद्धतीत दोन्हींना वेगळे गुण देतात: माणसाच्या भरवशाला ए ते एफ, माहितीच्या खरेपणाला १ ते ६. मावशी शंभर टक्के भरवशाची असते, तिनं फॉरवर्ड केलेला व्हिडिओ नसतो. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं. ग्रुपवर संशयिताचा फोटो टाकायच्या आधी ११२ ला फोन करा.

ज्याला दिसतं त्याला न विचारणं

ही चूक मला सगळ्यात महाग वाटते. महाराजांच्या बहिर्जी नाईकांची माणसं वेषांतर करून बाजारहाटातल्या गर्दीत मिसळत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कारगिलमधल्या घुसखोरीची खबर मे १९९९ च्या सुरुवातीला मेंढपाळांनी दिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी कुलाब्याच्या बधवार पार्कला दहशतवादी रबरी होडीतून उतरले, तेव्हा त्यांना हटकलं ते तिथल्या मच्छीमारांनी.

आमची खचलेली भिंतही कचरा उचलणाऱ्या काकांना तीन आठवडे आधीपासून माहीत होती. आम्ही विचारलंच नव्हतं. आता दर रविवारी सकाळी चहा देताना विचारतो. परवा म्हणाले, मागच्या गल्लीतला दिवा चार दिवस बंद आहे आणि त्याखाली एक नंबरप्लेट नसलेली बाइक रोज वेगळ्या वेळी उभी असते. दिव्याची तक्रार वॉर्ड ऑफिसला केली आहे. बाइकच्या वेळा लिहून ठेवतोय.