गर्भपाताची शक्यता तुमच्यापुरती किती, हे कसं समजून घ्यायचं

ओळखल्या गेलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप संपतात. हा आकडा खरा आहे. पण तो सगळ्या वयांच्या बायकांचा आणि सगळ्या आठवड्यांचा मिळून काढलेला आहे. मी गरोदर बायकांची सोनोग्राफी करते. समोर झोपलेली बाई जेव्हा विचारते, "डॉक्टर, माझं राहील ना?", तेव्हा या एकत्र आकड्याचा तिला फारसा उपयोग नसतो. तिच्यापुरतं उत्तर शोधायचं तर आधी आठवडा बघायचा, मग वय, मग पूर्वी काय घडलं ते.

आठवडे मोजले जातात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे 'सहा आठवडे' म्हणतो तेव्हा गर्भ प्रत्यक्षात चारच आठवड्यांचा असतो, आणि तेही पाळी २८ दिवसांनी येत असेल तर. जिची पाळी ३५-४० दिवसांनी येते तिच्यात बीज उशिरा सुटतं, म्हणून तारखेच्या हिशेबापेक्षा गर्भ लहान दिसतो. अशी कितीतरी जणी "वाढ मागे आहे" एवढं ऐकून रडत माझ्याकडे येतात. पाळीच्या तारखा लिहून ठेवा, अनियमित असेल तर आधीच सांगा.

सुमारे ८० टक्के गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात आणि त्या काळातही धोका दर आठवड्याला उतरत जातो. रक्तस्राव नाही, दुखत नाही आणि आठव्या आठवड्यात ठोके स्पष्ट दिसले, तर शंभरातल्या जवळपास ९८ जणींचा गर्भ टिकतो. वय जास्त असेल किंवा आधी गर्भपात झालेले असतील तर हा दिलासा थोडा कमी धरायचा, पण धरायचा.

वयाचा परिणाम मोठा आहे. नॉर्वेतल्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात २५ ते २९ वयात धोका सर्वांत कमी, साधारण १० टक्के, निघाला. चाळिशीच्या पुढे तो एक तृतीयांशाच्या आसपास जातो आणि ४५ नंतर निम्म्याहून जास्त होतो. बाईची बीजं जन्मापासून तिच्याबरोबर असतात. वय वाढतं तसं बीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. वडिलांच्या वयाचाही परिणाम असतो, मात्र आईच्या वयाइतका नाही.

पूर्वी एकदा गर्भपात झाला असेल तर पुढच्या वेळचा धोका थोडासाच वाढतो. सलग तीन झाले असतील तर बराच वाढतो, तरीही अशा बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं पुढचं गरोदरपण टिकतं.

आता कारणाकडे येते, कारण अपराधीपणा सगळा इथेच साठलेला असतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. १६ क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत जास्त येणं ही त्यातली सर्रास आढळणारी चूक. प्रत्येक पेशीत ती असेल तर असा गर्भ वाढूच शकत नाही. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा गर्भ राहतानाच झालेली असते. तुम्ही जिना चढलात, गाडीवर बसलात, नवऱ्याजवळ गेलात, ऑफिसात भांडण झालं, यातल्या कशानेही ती घडत नाही. आडवं पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला पुरावा नाही. घरातल्या कुणी "तू काय केलंस?" असं विचारलं, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

काही गोष्टी मात्र खरोखर हातात आहेत. सिगारेट आणि तंबाखू बंद, दोघांचीही. दारू बंद. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे कॉफीचे साधारण दोन कप. मधुमेह असेल तर गर्भ राहण्याआधीच साखर ताब्यात आणा, शक्यतो एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली. थायरॉइड तपासून घ्या. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट किंवा मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधं चालू असतील तर मूल हवंय हे डॉक्टरांना आधीच सांगा. मनाने कुठलंच औषध बंद करू नका. रुबेलाची लस घेतली नसेल तर गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्यावी लागते. रात्रपाळी आणि रोज जड ओझं उचलण्याचं काम यांचा थोडा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तुमचं काम तसं असेल तर ते बदलून मिळेल का, हे विचारायला संकोच करू नका.

रक्त दिसलं की सगळं संपलं, असं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचा गर्भ टिकतो. पण तासाला दोन पॅड भिजताहेत आणि दोन तास तसंच चाललंय, ताप आलाय, चक्कर येतेय, किंवा एका बाजूला जोरात दुखतंय आणि खांद्यात कळ जातेय, तर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. शेवटच्या लक्षणांत गर्भ नळीत असू शकतो आणि ते जिवावर बेततं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ न देणारं इंजेक्शन) गरज आहे का, हे आपण होऊन विचारा.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. "ठोके नाहीत" असं एका सोनोग्राफीत ऐकलं तर मापं विचारा. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तरच निदान पक्कं मानतात. त्यापेक्षा कमी असेल तर साधारण ७ ते १४ दिवसांनी पुन्हा बघायचं. ते दिवस काढणं किती जड जातं हे मी बघते, तरीही मापं सीमेच्या आत असताना गोळ्या किंवा क्युरेटिंगला होकार देऊ नका. खूप रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी.

प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक, औषध म्हणून सरसकट सगळ्यांना लागत नाही. आधी गर्भपात झालाय आणि या वेळीही रक्त जातंय, अशा बायकांना त्याचा फायदा दिसला आहे. आधीचे गर्भपात जितके जास्त, तितका फायदा जास्त.

दोन गर्भपात झाले असतील तर तिसऱ्याची वाट न बघता तपासण्यांबद्दल विचारा: रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता वाढवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (पॉझिटिव्ह आल्यास १२ आठवड्यांनी पुन्हा), थायरॉइड, गर्भाशयात पडदा आहे का हे बघणारी सोनोग्राफी, आणि गर्भाचा नमुना मिळाला तर त्याची गुणसूत्रं. अँटीबॉडी दोन्ही वेळा पॉझिटिव्ह निघाल्या तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांचे उपचार आहेत. अनेकदा काहीच सापडत नाही. मग बाई खचते, पण अशांपैकी बहुतेकींचं पुढचं गरोदरपण औषधांशिवायही टिकतं.

पुन्हा प्रयत्न करायला सहा महिने थांबलंच पाहिजे असं नाही. एक पाळी येऊ दिली तर तारखा मोजायला सोपं जातं, एवढंच. मनाची तयारी कधी होईल ते तुमचं तुम्ही ठरवा. गर्भ राहिला की पहिली सोनोग्राफी सात आठवडे पूर्ण झाल्यावर करून घ्या. रक्त किंवा दुखणं असेल तर अर्थातच लगेच या. पाचव्या आठवड्यात आलात तर ठोके दिसण्याची वेळच झालेली नसते, आणि पुढचे दोन आठवडे उगाच जीव टांगणीला लागतो.