नवख्याला पोस्टग्रेस कोणत्या शब्दांत सांगावा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी पोस्टग्रेस (PostgreSQL) हा नोंदी सांभाळणारा प्रोग्राम शिकवतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांना, आण्णांना, त्याची ओळख करून देताना मी म्हणालो, "जगातला सर्वात प्रगत ओपन सोर्स रिलेशनल डेटाबेस." प्रकल्पाचं स्वतःचंच बिरूद आहे ते. आण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग यात फॅट कुठं भरायची?"

तेव्हापासून मी समोरच्याच्या वहीपासून सुरू करतो. सभासदांची वही एक, रोजच्या दुधाची दुसरी. दुधाच्या वहीत नाव-गाव परत लिहीत नाही, नुसता सभासद क्रमांक टाकतो. पोस्टग्रेस अशा वह्या सांभाळतो. फॅट भरायचा स्क्रीन मात्र वेगळा प्रोग्राम देतो. हे शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर माणूस इन्स्टॉल करून स्क्रीन शोधत बसतो. 'रिलेशनल'चं 'नातेसंबंधांचा' असंही करू नका. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणारे एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तो शब्द गणितातून घेतला; त्यांचं रिलेशन म्हणजे साधारण आपला तक्ताच.

'ओपन' ऐकलं की लोक दचकतात: आमची खाती सगळ्यांना दिसणार? म्हणून आधीच सांगा, उघडा आहे तो प्रोग्रामचा कोड, तुमच्या नोंदी नव्हेत.

'फुकट' तर मी म्हणतच नाही. फुकटचं टिकत नाही, हा आपल्याकडचा पक्का समज. त्याऐवजी: लायसन्सचे पैसे नाहीत, वापरा, बदला, वाटा; प्रत देताना कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. सर्व्हर, बॅकअप आणि सांभाळणारा माणूस, हा खर्च राहतो. १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात काम सुरू झालं, PostgreSQL हे आताचं नाव १९९६ चं, आणि कुण्या एका कंपनीची मालकी नाही. टिकण्याबद्दल एवढं पुरतं.

'भरवशाचा' म्हणण्यापेक्षा बिलाचा दिवस सांगा. दुधाचे पैसे जमा आणि पशुखाद्याची उधारी वजा, या दोन नोंदी एकत्र बांधल्या की दोन्ही होतात, नाहीतर एकही नाही. मधेच लाइट गेली तरी अर्धवट काही उरत नाही.

सांगून झालं की त्यांनाच म्हणा, "आता हे तुमच्या क्लार्कला समजावा." जिथं अडखळतील तो शब्द बदला. एकत्र बांधलेल्या नोंदींना मी आधी 'व्यवहार' (transaction) म्हणायचो; आण्णा त्या शब्दावर अडखळले. त्यांच्या लेखी व्यवहार म्हणजे सभासदाशी वर्षभराची देवघेव. मी आता 'एका गाठीतल्या नोंदी' म्हणतो.