लॉजमधील दीक्षाविधीची तयारी कशी करावी

फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, नव्या सदस्याला दाखल करून घेण्याचा दीक्षाविधी पार पाडणारे सगळेच हौशी असतात. कोणी वकील, कोणी अभियंता, कोणी व्यापारी असतो आणि नोकरीधंदा सांभाळून त्यांनी जुन्या वळणाच्या इंग्रजीतील लांबलचक गद्य तोंडपाठ केलेले असते, त्यामुळे त्यांच्या चुकांकडे सदस्य समजुतीने पाहतात आणि ते योग्यच आहे. मात्र उमेदवाराच्या वाट्याला हा विधी आयुष्यात एकदाच येतो आणि त्याच्या बऱ्याच भागात त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते. सभागृह, एप्रन, कॉलर यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते आवाज आणि हात धरून नेणाऱ्या डीकन या पदाधिकाऱ्याचा स्पर्श. तयारीचा सारा क्रम यावरूनच ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

पाठांतराची सुरुवात अर्थापासून करावी. एकेका परिच्छेदाचा आशय आधी स्वतःशी मराठीत सांगून पाहावा आणि तो सहज सांगता आला की मगच मूळ शब्दांकडे वळावे. पाठांतर मोठ्याने आणि उभे राहून करावे, कारण मनातल्या मनात पाठ झालेला मजकूर प्रत्यक्ष विधीत जिभेवर अडखळतो. दीर्घ चार्ज, म्हणजे उमेदवाराला उद्देशून केलेले उपदेशपर निवेदन, शेवटच्या परिच्छेदापासून पाठ करत मागे यावे, म्हणजे म्हणताना जसजसा थकवा येतो तसतसा अधिक सरावाचा भाग पुढे येतो. एवढे करूनही एखाद्या पदाधिकाऱ्याला भार पेलत नसेल, तर तो चार्ज माजी मास्टरांपैकी, म्हणजे लॉजच्या माजी प्रमुखांपैकी, कोणाला तरी द्यावा. त्यात कमीपणा नाही.

लंडनमध्ये इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट 1823 पासून केवळ सरावासाठी भरत आली आहे. तेथे मास्टरच्या जागेवरून संपूर्ण विधी एकाही दुरुस्तीविना पार पाडणाऱ्याला चांदीची काडेपेटी देण्याची प्रथा आहे. त्या अचूकतेबद्दल मला मनापासून आदर वाटतो, पण ती सरावाच्या जागेची कसोटी आहे. उमेदवारासमोर प्रत्येक शब्द बिनचूक आणि सूर मात्र सपाट, यापेक्षा एखादा शब्द निसटलेले पण त्याला उद्देशून, समजून केलेले निवेदन मी केव्हाही पसंत करीन.

सर्वाधिक हानी होते ती प्रॉम्प्टिंगमुळे. बोलणारा क्षणभर थांबला की बाकांवरून तीन-चार जण एकदमच शब्द पुरवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण डोळे बांधलेल्या माणसाला चहूबाजूंनी कुजबुज ऐकू येते आणि शपथेचे गांभीर्य तेथेच विरते. म्हणून प्रॉम्प्टर एकच असावा, शक्यतो नुकताच पायउतार झालेला मास्टर, आणि मदत हवी असल्याची खूण बोलणाऱ्याने त्याच्याशी आधीच ठरवून घ्यावी. खूण मिळेपर्यंत प्रॉम्प्टरने थांबावे, कारण प्रत्येक विराम म्हणजे विसर नव्हे. मिळाल्यावर मात्र सुटा शब्द न पुटपुटता पुढचे तीन-चार शब्द स्पष्टपणे सांगावेत.

चालीची तालीम बसून होत नाही. निदान एका तालमीत एखाद्या सदस्याच्या डोळ्यांना खरोखर पट्टी बांधून डीकनने त्याला फिरवावे, आणि ही पाळी प्रत्येक पदाधिकाऱ्यावर एकदा तरी यावी. वळताना कोपर किती घट्ट धरावे, गुडघा टेकण्याआधी सूचना किती हळू आवाजात द्यावी, हे त्याशिवाय उमगत नाही. उमेदवार कोणत्या धर्मग्रंथावर शपथ घेणार, हेही आदल्या दिवशीच विचारून तो ग्रंथ जागेवर ठेवावा. मुंबईत 1843 साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणूनच स्थापन झाली होती; आपल्याकडे शपथेच्या मेजावर अनेक धर्मांचे ग्रंथ एकत्र असतात आणि ऐन वेळी त्यांची शोधाशोध होणे अशोभनीय आहे.

विधीनंतर आठवड्याभराने नव्या सदस्याला चहाला बोलवावे आणि काय ऐकू आले, काय निसटले, कोठे भीती वाटली, हे शांतपणे विचारावे. त्याला ऐकूच न आलेली वाक्ये टिपून ठेवावीत आणि पुढची तालीम त्याच वाक्यांपासून सुरू करावी.